शंभर मोजेपर्यंत

घरातून निघताना तिने गॅस बंद आहे का हे तीनदा पाहिलं, कुलूप दोनदा ओढलं, अर्ध्या जिन्यावरून परत वर जाऊन खिडकीची कडी चाचपली. आणि एवढं सगळं करून बसथांब्यावर पोचल्यावर स्वतःच्याच चष्म्यावर बसली.

काडी मोडली. डावी काच निखळून मांडीवर पडली. थंडीच्या दिवसांत अवेळी येते तशी बारीक भुरभुर सुरू होती, आणि आता त्या भुरभुरीमागचा रस्ताही नाहीसा झाला. पलीकडच्या फुटपाथवर चष्म्याचं एक दुकान आहे एवढं तिला आठवत होतं. एका आजोबांच्या काळ्या कोटाच्या मागोमाग, जवळजवळ त्यांचं शेपूट धरल्यासारखी, तिने रस्ता ओलांडला.

दुकान अरुंद होतं. आत ओल्या काचेच्या भुकटीचा वास होता आणि पाण्यात फिरणाऱ्या, काचा घासायच्या चाकाची घरघर. काउंटरमागची उंच, करडी, कडा नसलेली आकृती तिच्याकडे वळली.

"पडला, की बसलात?"

"काय?"

"चष्मा. सगळे सांगतात, पडला. बहुतेक जण बसलेले असतात."

"बसले," ती म्हणाली. "पण हळूच."

"चष्म्याला तसं वाटलेलं दिसत नाही." आकृतीने हात पुढे केला. "दहा मिनिटं लागतील. तोवर स्टुलावर बसा. त्यावर काही ठेवलेलं नाही, मी पाहिलंय."

तिला हसू आलं. ज्याचा चेहरा दिसत नाही अशा माणसाशी बोलताना आपण नेहमीपेक्षा धीट असतो, असं तिच्या लक्षात आलं. चाक थांबलं, बारीक पेचकसाचा आवाज सुरू झाला. मग तोही मंदावला.

"पडला, की बसलात?" त्याने विचारलं.

ती पुन्हा हसली. माणूस विनोद लांबवतोय, असं तिला वाटलं.

थोड्या वेळाने, अगदी त्याच सुरात, त्याने तिसऱ्यांदा विचारलं, "पडला... की बसलात?"

आता मात्र हा विनोद नाही, हे तिला कळलं. ती उठली, हाताने चाचपत काउंटरपाशी गेली. त्याने चष्मा तिच्या तळहातावर ठेवला, आणि त्याच्या बोटांचा स्पर्श झाला तेव्हा ती दचकली. बोटं बर्फासारखी गार होती, आणि ओली. तिने चष्मा डोळ्यांवर चढवला. तिशीतला, किडकिडीत, चांगल्या चेहऱ्याचा माणूस समोर उभा होता. एवढ्या थंडीत त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता, आणि हातातला पेचकस हवेतच स्क्रू पिळत होता.

"तुम्ही इन्सुलिन घेता का?"

"पाण्यात ठेवलंय," तो अदबीने म्हणाला.

तिच्या पिशवीत ग्लुकोजच्या गोळ्यांच्या दोन नळ्या कायम असत. तिला स्वतःला मधुमेह नव्हता. पण जे कुणालाही होऊ शकतं त्या सगळ्याची थोडीथोडी तजवीज ती जवळ बाळगून असे. तिने एकेक करून चार गोळ्या त्याला चघळायला लावल्या, खुर्चीवर बसवलं आणि घड्याळ लावलं. त्या पंधरा मिनिटांत तिने त्याच्या पापण्या, ओठ, मानेवरची शीर सगळं पाहून घेतलं, आणि प्रत्येक गोष्टीची तिला भीती वाटली.

सोळाव्या मिनिटाला त्याचे डोळे जागेवर आले.

"मी काही वेडंवाकडं बोललो का?"

"एकच प्रश्न तीनदा विचारलात."

"मग बरं. मागे एकदा मी एका गिऱ्हाइकाला काचांऐवजी दोन बटणं बसवून दिली होती." तो हसला, पण ते हसू टिकलं नाही. "पूर्वी साखर उतरली की हात थरथरायचे, भूक लागायची. आता काहीच कळत नाही. वीस वर्षं झाली... शरीराने निरोप पाठवणंच बंद केलंय. तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही. मी..." ती अडखळली, हे सांगताना ती नेहमीच अडखळे. "आम्ही उजेडाने साखर मोजायचा प्रयत्न करतो. सुई न टोचता. बोटात अवरक्त किरण सोडायचे, जो उजेड परत येतो तो तपासायचा. रक्तातली साखर त्यातला अगदी थोडासा उजेड खाते. किती खाल्ला त्यावरून अंदाज."

त्याने आपले दोन्ही हात उलटे करून काउंटरवर ठेवले. दहाही बोटांच्या टोकांवर काळसर टिंबांची गर्दी होती. "दिवसातून सहा वेळा टोचतो. आता काचेची कड नीट लागली की नाही, हे या बोटांना समजत नाही. ओठांना लावून बघतो. तुमचा हा दिवा कुठे मिळतो, दिवेवाली?"

"मिळत नाही अजून," ती म्हणाली. "चाचणी चालू आहे."

आणि काउंटरवर मोडक्या काड्या टाकायची डबी होती, तिच्यात तिने त्याच्यासाठी चाचणीचा कागद घडी करून ठेवला.

*

चाचणीचे नियम नऊ पानी होते आणि ते सगळे तिला पाठ होते. स्वयंसेवकाने दर सोमवारी आणि गुरुवारी यायचं. आधी बोटाला क्लिप लावून उजेडाचा आकडा घ्यायचा, लगेच त्याच बोटाला सुई टोचून रक्ताचा. दोन्ही आकडे शेजारीशेजारी लिहायचे, म्हणजे सहा आठवड्यांत यंत्र त्या माणसाचं बोट ओळखायला शिकतं. यंत्राच्या आकड्यावर औषध ठरवायचं नाही. आणि सातव्या पानावर, चाचणी संपेपर्यंत स्वयंसेवकाशी खासगी संबंध ठेवायचे नाहीत. बाहेर चहासुद्धा नाही.

विभागाच्या प्रमुख मॅडम हे सातवं पान प्रत्येक नव्या माणसाला उभं राहून वाचून दाखवत. तिला त्यांनी ते दोनदा वाचून दाखवलं होतं, कारण तिनेच दोनदा विचारलं होतं.

चष्मेवाला पहिल्या सोमवारी आला तो दुकानातून तसाच, ओल्या हातांनी. दिवसभर चाकाच्या गार पाण्यात असलेली बोटं क्लिपमध्ये घातली की यंत्रावर नुसत्या रेघा येत. गार बोटात रक्त कमी फिरतं. उजेडाला ते सापडत नाही. त्यासाठी एक गरम पॅड होतं, त्यावर हात दहा मिनिटं ठेवायचा. पण पॅड एकच होतं, बाहेर बाकड्यावर पाच माणसं ताटकळत होती, आणि तो दुकान बंद करून आला होता. तिने फारसा विचार न करता त्याची बोटं आपल्या दोन तळहातांत धरली आणि मनात शंभर मोजले.

मग क्लिप लावली. उजेडाने एकशे चौतीस सांगितलं. सुई टोचताना तिने नेहमीप्रमाणे मान फिरवली.

"तुम्ही दुसरीकडे बघता?" त्याने चकित होऊन विचारलं.

"मला बघवत नाही."

"आणि काम हेच?"

"म्हणून तर हे काम. टोचणं बंद व्हावं यासाठी माझ्याइतकं कुणी झटणार नाही."

रक्ताने एकशे एकतीस सांगितलं. तिला इतका आनंद झाला की हात सोडायचा राहून गेला.

गुरुवारी तेच. पुढच्या सोमवारी तो आपणहून हात पुढे करून बसला. "मोजताय की नुसत्याच बसलाय?" त्याने विचारलं. "ओठ हलत नाहीत तुमचे."

"मनात मोजते."

"मोठ्याने मोजा. माझी बोटं आहेत, मला हिशेब कळायला हवा."

"एकोणचाळीस," ती लाजून म्हणाली. "चाळीस..."

"मघाशी बेचाळीस होते."

"नव्हते!"

"मग पहिल्यापासून."

त्यानंतर दोघं मिळून मोजू लागली. कधी तो पन्नाशीत अडखळायचा, मुद्दाम. कधी ती ऐंशीवर आली की हळू व्हायची, आणि ते मुद्दाम होतं की काय, हे तिने स्वतःला विचारलं नाही. या मोजण्याबद्दल नऊ पानांत कुठे काही नव्हतं, म्हणून तिने नोंदतक्त्यातही काही लिहिलं नाही. आकडे मात्र जुळत राहिले. मॅडम तक्ता पाहून म्हणाल्या, "इतका गुणी स्वयंसेवक मी पाहिला नाही. याच्या बोटात काय जादू आहे?"

एकाच गुरुवारी गडबड झाली. ती छपाईयंत्रात अडकलेला कागद काढायला गेली होती, आणि मॅडमनी स्वतः त्याला क्लिप लावली. उजेड म्हणाला एकशे अठरा. रक्त म्हणालं त्रेसष्ट. मॅडमनी त्याला लगेच रस पाजला आणि तक्त्यात लिहिलं, 'क्लिप सरकली.' ती परतली तेव्हा ते दोन आकडे तिने तीनदा वाचले. एकशे अठरा ऐकून कुणी निर्धास्त झोपेल. त्रेसष्टला झोपू नये. हे उद्या नीट तपासायचं, असं तिने ठरवलं.

पण जाताना दारात थांबून त्याने विचारलं, "ही चाचणी संपते कधी?"

"का? कंटाळलात?"

"नाही. सातवं पान मलाही वाचायला दिलं होतं. चहाचं म्हणतोय मी."

ती घरी गेली ती वाऱ्यावर चालल्यासारखी. त्या रात्री तिने गॅस एकदाच पाहिला. आणि तपासायचं जे ठरवलं होतं ते दुसऱ्या दिवशी तिला आठवलंच नाही. आयुष्यात पहिल्यांदाच ती काहीतरी तपासायला विसरली होती.

*

सहा आठवड्यांनंतर यंत्रं दहा दिवसांसाठी घरी द्यायची होती. चष्मेवाल्याचं यंत्र न्यायला त्याच्याबरोबर त्याची ताईही आली. रुंद खांद्यांची, खणखणीत आवाजाची, बसचालकाच्या गणवेशातली बाई. लहानपणीच आई गेली, तेव्हापासून तिनेच त्याला सांभाळलं होतं.

"ही का ती दिवेवाली?" ताईने तिला आपादमस्तक न्याहाळलं. "सहा आठवडे झाले, आमच्या घरात दुसऱ्या कुणाचं नाव नाही. सोमवार-गुरुवार हा दाढी करतो."

"ताई!"

"करतोस की नाही? एरवी अस्वल." मग ताईचा आवाज उतरला. "अगं, ऐक. डेपोने मला लांबच्या मार्गाची गाडी देऊ केलीय. अकरा वर्षं मी नाही म्हणतेय, कारण रात्री मुक्काम बाहेर. हा झोपला की मी भिंतीला कान लावून झोपणारी बाई. तुझ्या या डबीवर भरवसा ठेवून या वेळी मी हो म्हटलंय. ठेवू ना?"

तिने नोंदवही ताईपुढे सरकवली. "रक्ताचा आकडाही घ्यायचाच आहे," ती म्हणाली. "दिवसातून चार वेळा, या वहीत. उजेडावर औषध ठरवायचं नाही. नियम आहे."

"नियम राहू दे. तू सांग."

तिने चष्मेवाल्याकडे पाहिलं. तो इतक्या विश्वासाने तिच्याकडे बघत होता की तिला नजर खाली वळवावी लागली. "सहा आठवड्यांत एकदाच चुकलंय," ती म्हणाली. "तेही... क्लिप सरकली म्हणून."

*

आठव्या दिवशी दुपारी, पहिल्या सात दिवसांच्या नोंदी तिच्या टेबलावर आल्या. यंत्राने साठवलेले आकडे इंटरनेटवरून आले होते. वहीच्या पानांचे फोटो चष्मेवाल्याने पाठवले होते. तिने दोन्ही एकाच आलेखावर काढले. मागून जाणारे दोघे थांबले. एकाने शीळ घातली. मॅडम चष्मा कपाळावर सारून जवळ आल्या. "अरे वा! काय सुंदर रेष आहे. दोन्ही रंग एकमेकांवर बसलेत. हे तर छापायला पाठवण्यासारखं आहे."

रेष सुंदर होती, आणि सरळ होती. एकशे अठरा, एकशे बावीस, एकशे एकवीस, एकशे एकोणीस.

ती बघत राहिली आणि हळूहळू तिची बोटं गार पडली. हा माणूस जेवतो. चालतो. इन्सुलिन घेतो. त्याची साखर आजवर कधी सरळ चालली नव्हती. ती डोंगर चढे आणि दरीत उतरे. आणि रक्ताचा आकडा उजेडाच्या आकड्यापासून कुठे एकाने कमी, कुठे दोनाने जास्त. रक्ताच्या पट्टीवर मोजलेले खरे आकडे इतके शहाण्यासारखे कधी वागत नाहीत. ते कुणीतरी लिहिलेले होते.

'क्लिप सरकली.' एकशे अठरा. त्रेसष्ट.

नव्या बोटाला नुसत्या रेघा देणारं यंत्र एकदा बोट ओळखू लागलं की उजेडाला रक्त सापडलं नाही तरी गप्प बसत नाही. कोड्यात पडलेल्या विद्यार्थ्यासारखं ते सर्वांत सुरक्षित उत्तर देतं, मधला आकडा. सात दिवस ते मधला आकडा सांगत होतं, आणि तो ते खरं मानत होता.

तिने फोन लावला. घंटा वाजत राहिली. चाक चालू असेल, पाण्याची घरघर असेल... तिने पुन्हा लावला. ताईला लावला, ती गाडी चालवताना फोन घेत नसे. तिने पिशवी उचलली आणि मॅडमना म्हणाली, "रेष खोटी आहे."

"म्हणजे?"

"मी येते. मी... सांगते."

बाहेर तीच बारीक भुरभुर. चालत वीस मिनिटांचा रस्ता. तिला पळायची सवय नव्हती. पळताना माणूस पडतो हे तिचं कायमचं मत होतं. ती पळाली. चष्म्यावर थेंब साचले, पुसायला ती थांबली नाही. सिग्नल लाल असताना तिने आयुष्यात पहिल्यांदा रस्ता ओलांडला आणि एका मोटारीने केवढ्यांदा तरी भोंगा वाजवला. दुकानाचं दार बंद असलं तर? उघडं असलं आणि आत कुणी नसलं तर? असलं, आणि खाली पडलेलं असलं तर? डोक्यात एकामागून एक चित्रं येत होती आणि प्रत्येक चित्रात एक चाक फिरत होतं.

दार उघडं होतं. चाक फिरत होतं. तो त्याच्यापुढे बसला होता, हातात काच नव्हती, आणि त्याचा अंगठा चाकाच्या कडेपासून चार बोटांवर होता. तो चाकाकडे हसून बघत होता.

तिने भिंतीवरचं बटण बंद केलं. घरघर विरत गेली.

"दिवेवाली," तो म्हणाला. शब्द चिकटत होते. "बघा... एकशे एकवीस. किती... गुणी..."

क्लिप त्याच्या डाव्या हाताच्या बोटावर होती आणि तिच्या पडद्यावर खरंच एकशे एकवीस होतं.

तिने पिशवीतून सुई, पट्टी आणि रक्त तपासायचा छोटा मीटर काढला. मान फिरवली असती तर हात हलला असता. म्हणून तिने पाहिलं. टोक कातडीत शिरताना पाहिलं, लाल थेंब फुगताना पाहिला, तो पट्टीने शोषून घेताना पाहिला. मीटरने पाच सेकंद घेतले. अडतीस.

गोळ्या. एक, दोन, तीन, चार, पाच. "चावा. गिळा. माझ्याकडे बघा." त्याचा उजवा हात तिने दोन्ही तळव्यांत घट्ट धरला, आणि घड्याळ लावूनही तिने मोजायला सुरुवात केली, मोठ्याने, कारण न मोजता बसणं अशक्य होतं. शंभर झाले की पुन्हा एकपासून. दुसऱ्या शंभरीत तो तिच्याकडे नुसता बघत होता. पाचव्यात त्याचे ओठ हलू लागले. सातव्यात तो म्हणाला, "सदुसष्ट दोनदा म्हणालात."

ती रडली. हात न सोडता, चष्म्याखालून.

पंधरा मिनिटांनी रक्त म्हणालं, चौऱ्याऐंशी. तिने श्वास सोडला. मग डाव्या हाताच्या क्लिपकडे तिचं लक्ष गेलं. पडदा अजून म्हणत होता, एकशे वीस. तिने क्लिप काढली आणि उजव्या हाताला लावली, इतका वेळ तिच्या तळव्यांत असलेल्या बोटाला.

ब्याऐंशी.

तिने परत डाव्याला लावली. एकशे एकोणीस. उजव्याला. त्र्याऐंशी.

एकच माणूस, एकच क्षण, आणि दोन हातांचे दोन आकडे.

"मी होते," ती पुटपुटली. "सहा आठवडे... यंत्र नव्हतं. माझे हात होते."

त्याला समजायला वेळ लागला. समजलं तसा तो खाली बघू लागला. "आणि वहीतले आकडे माझे," तो म्हणाला. "पहिल्या दिवशी टोचून बघितलं. उजेड एकशे एकवीस, रक्त चौऱ्याहत्तर. मला वाटलं, माझ्या पट्ट्याच सर्दावल्या. क्लिप सरकली ते सोडलं तर सहा आठवडे तुमचा दिवा एकदाही चुकला नाही, तो एका दिवसात कसा चुकेल? मग वाटलं, माझ्या सर्दावलेल्या पट्ट्यांपायी तुमची रेष का बिघडवायची. म्हणून..."

"म्हणून सात दिवस टोचलंच नाही?"

"तुम्हाला बघवत नाही ना."

तिला त्याला एक ठेवून द्यावीशी वाटली. "बघवत नाही म्हणजे मरा असं नव्हतं म्हटलं मी! जीव गेला असता तुमचा! माझ्या रेषेसाठी?"

"तुमच्यासाठी," तो हळूच म्हणाला. "रेषेचं मला काय..."

आधी दुसरं काही करायचं होतं. तिने मॅडमना फोन लावला. "घरी दिलेली सगळी यंत्रं आजच परत बोलवा," ती म्हणाली. "सगळ्या स्वयंसेवकांना आत्ता फोन करायला हवेत. गार बोटाला यंत्र खोटं बोलतं. आणि ते आपल्याला कळलं नाही, ते माझ्यामुळे."

*

"नोंद कशी करायची?" मॅडमनी दुसऱ्या दिवशी विचारलं. त्यांच्यापुढे सहा आठवड्यांचे तक्ते होते. "'प्रत्येक मोजणीपूर्वी तंत्रज्ञ महिलेने स्वयंसेवकाचा हात शंभर अंक धरला.' असं?"

"हो."

"सगळ्यांचा?"

तिने त्यातला एकच तक्ता बाजूला काढला.

"एकाचाच," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "या माणसाचे सगळे आकडे रद्द. तो चाचणीतून बाहेर. तुझी बदली गणिताच्या टेबलावर; स्वयंसेवकांना तू हात लावायचा नाहीस." त्यांनी तक्ता उलटून ते एक पान काढलं. "आणि 'क्लिप सरकली' हे अक्षर माझं आहे. मला सोयीचं वाटलं ते मी लिहिलं. तुझ्या नोंदीखाली माझीही नोंद जाईल. पेन दे."

चार दिवस ती दुकानाकडे फिरकली नाही. तिथे जायचं म्हणजे ते चाक पुन्हा बघायचं, आणि चार बोटांचं ते अंतर.

पाचव्या दिवशी ताई यंत्राची डबी परत करायला आली. डबी टेबलावर आपटून ती समोर बसली.

"माझ्यावर रागावला असाल, ताई," ती म्हणाली.

"रागावले होते. मग उतरला." ताईने टोपी काढून मांडीवर ठेवली. "मी गाडी चालवते. ब्रेकवर विश्वास ठेवल्याशिवाय रस्त्यावर निघता येत नाही. पण रोज सकाळी पहिल्यांदा दाबून बघते. तो ठोंब्या दाबून बघायचं विसरला. आणि मी? मी आठ दिवस मजेत गाणी म्हणत गाडी हाकत होते. घाबरलीस ती तू एकटी. म्हणून तो आहे." ती उठली, दारात थांबली. "लांबच्या मार्गाची गाडी मी सोडली, पण ती जागा डेपोने या महिनाअखेरपर्यंत रिकामी ठेवलीय. मी काही सुचवत नाही हं. मी फक्त तारीख सांगतेय."

*

संध्याकाळी ती गेली तेव्हा तो दुकान आवरत होता. चाकाला नवी लोखंडी जाळी बसवली होती. तिने आधी तीच पाहिली, बोटाने ओढून. पक्की होती.

"पडला, की बसलात?" तो म्हणाला.

तिचा चेहरा पांढरा पडला. तो घाईने म्हणाला, "नाही, नाही! विनोद होता. एकशे सात आहे. आत्ताच टोचलं. ही बघा वही... खरी." त्याने वही पुढे केली. चार दिवसांचे आकडे होते, डोंगर आणि दऱ्या, एकही शहाणा नव्हता. तिने ते वाचले आणि तिला ते पान फार आवडलं.

"मला चाचणीतून काढलं," तो म्हणाला. "पत्र आलंय. म्हणजे सातवं पान मला लागू नाही आता."

"माहीत आहे."

"मग चहा...?"

"आधी ऐका." तिने पिशवी काउंटरवर ठेवली, आणि दोन्ही हातांनी तिचा पट्टा धरून ठेवला. "मी भित्री आहे. लोक म्हणतात होईल सवय. मला होत नाही. तुम्ही फोन उचलला नाहीत तर मला वाटेल, तुम्ही पडलात. उशिरा उठलात तर वाटेल... मी दर दोन तासांनी विचारणार, साखर किती. तुम्ही चिडाल."

"चिडेन."

"तरी विचारीन. भांडलो असलो तरी विचारीन. आणि यंत्राने काहीही सांगितलं तरी, कितीही सुधारलं तरी, मी स्वतः टोचून बघणार. बघत बघत. मान न फिरवता."

बाहेरची भुरभुर थांबली होती. पन्हळीतून राहिलेलं पाणी थेंब थेंब पडत होतं.

"ही मागणी आहे की धमकी?" त्याने विचारलं.

"दोन्ही."

"मग माझंही ऐका. भीती मलाही वाटते. रोज. कुणाला सांगत नव्हतो. ताईला सांगितलं तर ती भिंतीतूनच आत यायची." त्याने हात पुसायला फडकं उचललं, मग ते ठेवून दिलं. "तुम्हाला सांगितलं तर चालेल का?"

तिने मान हलवली. त्याने काउंटरवरून हात पुढे केला. दिवसभर पाण्यात राहिलेला, टिंबाटिंबांचा, गार. तिने तो आपल्या दोन तळव्यांत घेतला. क्लिप नव्हती, तक्ता नव्हता. तिचे ओठ सवयीने हलू लागले, आणि त्याने मोठ्याने साथ धरली. पन्नाशीत तो अडखळला नाही. ऐंशीनंतर ती हळू झाली.

"अठ्ठ्याण्णव," तो म्हणाला. "नव्याण्णव. शंभर."

तिने हात सोडला नाही.

त्याने वाट पाहिली. मग, तिच्याकडे बघत, अगदी हळू आवाजात तो म्हणाला, "एकशे एक."